बाँडिंग केल्यावर दुसऱ्या लॅन कार्डचा मूळ मॅक ॲड्रेस दिसेना

काटावाला
नमस्कार मंडळी. साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा सर्व्हर माझ्याकडे आहे. उबंटू २२.०४, दोन लॅन कार्डं, ईएनओ१ आणि ईएनओ२. काट्याच्या सॉफ्टवेअरचं लायसन ईएनओ२च्या मॅकवर, म्हणजे कार्डाच्या हार्डवेअर पत्त्यावर, दिलेलं आहे. उंदीर केबल कुरतडतात आणि काटा थांबला की उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर जाते, म्हणून दोन्ही कार्डांचं बाँडिंग केलं, म्हणजे दोन्ही मिळून एकच जोडणी (बाँड), ॲक्टिव्ह-बॅकअप मोडमध्ये: एक कार्ड चालू, दुसरं राखीव. आता दोन्हींचा मॅक एकच दिसतो, तोही ईएनओ१चा! सॉफ्टवेअर लायसन नाकारतंय. मूळ मॅक पुसला गेला का? बाँडिंग मोडायचं नाहीये.

जुना_ॲडमिन
पुसला वगैरे काही नाही. मूळ पत्ता कार्डातच असतो, कर्नलने, म्हणजे उबंटूच्या गाभ्याने, चालू पत्ता तेवढा बदललाय. 'आयपी लिंक' ही कमांड देऊन ईएनओ२खाली 'पर्मॲडर' शोध, त्यापुढचा तो मूळ. चालू पत्ता वेगळा असेल तरच हा शब्द येतो, त्यामुळे एरवी कुणाच्या नजरेस पडत नाही. एथटूल या कमांडला कॅपिटल पी दिलं तरी कळेल.

तुझं सॉफ्टवेअर चालू पत्ता वाचतंय, तिथे घोडं अडलंय. बाँडिंगचा 'फेल-ओव्हर-मॅक' हा पर्याय मुळात 'नन' असतो, म्हणजे सगळ्या कार्डांना एकच मॅक. तो 'ॲक्टिव्ह' कर. मग प्रत्येक कार्ड स्वतःचा मॅक राखतं आणि बाँड चालू कार्डाचा घेतो. नेटप्लॅनमध्ये, म्हणजे उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमध्ये, त्यासाठी 'फेल-ओव्हर-मॅक-पॉलिसी' नावाची ओळ आहे. बाँडमध्ये कार्डं असताना हा पर्याय बदलत नाही, तेव्हा फाइल बदलून सरळ रीबूट मार. गाड्या नसताना, अर्थात.

लॅनवाला_सांगली
एवढा खटाटोप कशाला? डमी इंटरफेस, म्हणजे नुसतं नावाचं लॅन कार्ड, बनवा, त्याला ईएनओ२चा मॅक द्या, झालं.

जुना_ॲडमिन
लायसन कार्डाचं नाव बघत असेल तर डमी चालणार नाही. आणि उद्या कंपनीचा माणूस तपासायला आला तर ह्या भावाने काय सांगायचं? असली जुगाडं हंगामात नकोत.

काटावाला
रीबूट केलं. ईएनओ२चा मॅक परत आला, लायसन चाललं. ईएनओ१ची केबल काढून पाहिली, तरी काटा चालू! पण सर्व्हरचा आयपी बदलला, काट्यावरच्या पीसीला सर्व्हर सापडेना.

जुना_ॲडमिन
राउटरमध्ये आयपी ईएनओ१च्या मॅकवर राखून ठेवलाय ना? कार्ड बदललं की बाँडचा मॅकही बदलतो, राउटरला तो नवाच पाहुणा वाटतो. सर्व्हरवरच स्थिर आयपी टाक, राउटर देतो त्या पट्ट्याबाहेरचा. मग परत केबल काढून बघ.