समृद्धीवरून आल्यापासून गाडी मिसिंग करते आहे

मंडळातील सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

सुट्टीसाठी दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी आलो आहे. वडिलांची नऊ वर्षे जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी नागपुरात नातेवाइकांकडे सात-आठ महिने उभी होती, ती परवा मीच गावी आणली. शिवमडक्यापासून कारंजा लाडपर्यंत समृद्धी महामार्गावर, ४४ अंशांच्या उन्हात, एसी लावून आणि १२० च्या मर्यादेला काटा टेकवून गाडी हाणली, हे प्रथमच कबूल करतो. कारंज्याला उतरण्याच्या थोडे आधी एका ट्रकला मागे टाकताना गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसल्यासारखे तिने गचके दिले, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला आणि पिकअप गेला. खाली उतरून अर्धा तास बाभळीच्या सावलीत थांबलो, तेव्हा गाडी काही झालेच नाही अशी चालू लागली. मात्र गावाजवळच्या चढावर पुन्हा तोच प्रकार झाला. येथील मिस्त्रींच्या मते पेट्रोलमध्ये पाणी आहे, त्यामुळे टाकी उतरवून, इंजिनात पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर बदलावे लागतील. खर्चात पडण्यापूर्वी जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

*

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्तीपर्यंत इंजिनांच्याच कामात होतो, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो. सर्वांत आधी, लुकलुकणारा दिवा आणि स्थिर दिवा यांत फरक आहे. दिवा लुकलुकतो तेव्हा एखाद्या सिलिंडरमधील पेट्रोल न जळता सायलेन्सरच्या मार्गाला जात असते आणि तेथील धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याची जाळी वितळवू शकते. अशा वेळी पाय उचलावा आणि शक्य तितक्या लवकर थांबावे. गावात आहात म्हणून आणखी एक सांगतो: तापलेली गाडी कुटाराच्या ढिगाशेजारी किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नका.

मिस्त्रींचा अंदाज अगदीच निराधार नाही, कारण इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा धरते आणि गाडी बरेच महिने उभी होती. तथापि पाणी असते तर सहसा सगळेच सिलिंडर आजारी पडले असते, आणि अर्धा तास सावलीत उभे राहून पाणी जात नाही. गरम असताना व जोर लावला असताना बिघाड आणि गार झाल्यावर आराम, हे लक्षण मला आधी ठिणगीकडे नेते. जोर लावला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो. त्या दाबात पेट्रोल पेटवणाऱ्या प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला कॉइलला, म्हणजे प्लगला वीज पुरवणाऱ्या भागाला, जास्त व्होल्टेज द्यावे लागते, आणि प्लग झिजून फट रुंदावली असेल तर त्याहूनही जास्त. कॉइलचे किंवा प्लगचे इन्सुलेशन कुठे तडकले असेल, तर वाढलेले व्होल्टेज फटीऐवजी त्या तडीतून पळ काढते. वडिलांच्या तालुक्यापुरत्या फेऱ्यांत हा दोष वर्षभर लपून राहू शकतो.

म्हणून प्रथम स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र, लावा. पी०३०० हा कोड आला तर मिसिंग अनेक सिलिंडरांत आहे, आणि मग पेट्रोल, फिल्टर, पंप यांकडे वळावे. पी०३०१ ते पी०३०४ पैकी एकच आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करा, कोड पुसा आणि चढावर थोडा वेळ जोर लावून पाहा. कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा. जागचा हलला नाही तर प्लग बदलून पाहा, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा. एका वेळी एकच वस्तू हलवावी. दोन हलवल्या की काहीच कळत नाही. प्लग इंजिन पूर्ण गार झाल्यावरच काढावेत, कारण ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गरम असताना सहज जातात. इंजिन चालू असताना कॉइल उपसून पाहण्याची जुनी सवय मात्र मिस्त्रींना करू देऊ नका. निष्क्रिय सिलिंडर ओळखायचाच असेल तर इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढावा, म्हणजे कच्चे पेट्रोलही पुढे जात नाही. कूलंटची पातळीही पाहा. ती गळतीशिवाय घटत असेल तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या पातळ सीलची, शंका घ्यावी लागेल.

*

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

दारव्ह्याहून स्कॅनर मागवला. कोड पी०३०३ निघाला. तिसऱ्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करून गाडी चढावर नेली, कोड तिसऱ्यालाच राहिला, आणि मी मनातून थोडा खट्टू झालो, कारण माझी पैज कॉइलवर होती. सकाळी गार इंजिनवर तेच दोन प्लग अदलाबदल केले आणि या वेळी पी०३०२ आला. प्लग हातात घेऊन उन्हात फिरवला तेव्हा पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून षट्कोनापर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली. ठिणगी तेथून बाहेरच्या बाहेर पळत होती. तिसऱ्या सिलिंडरच्या मूळ कॉइलच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी नळीतही आतून तशीच रेघ उमटली आहे, त्यामुळे नवा प्लग पुन्हा जळू नये म्हणून ती नळीही बदलतो आहे. चारही प्लगांची फट झिजून वाढलेली होती.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने सरकीसकट कापसाचे घरटे केले होते. मिसिंगचा त्याच्याशी संबंध नसावा, पण मिस्त्री ते बराच वेळ सर्वांना दाखवत होते. टाकी उतरवण्याचा विषय त्यांनी स्वतःहून सोडून दिला. यवतमाळहून चार प्लग आणि नळी उद्या येतील; तोवर गाडी अंगणात, कुटारापासून दूर उभी आहे.