१, सफदरजंग रोड

दिल्लीतल्या इंदिरा गांधी स्मारकाबद्दल कोणीतरी लिहिलंय, "नुसती कात्रणं आणि फोटो, अर्ध्या तासात उरकतं." पहिल्या दालनांपुरतं खरं आहे. गर्दीही अशी रेटते की मथळेसुद्धा धड वाचून होत नाहीत. पण पुढे त्यांची ती साडी आहे, ३१ ऑक्टोबर १९८४ ची. गोळ्यांची भोकं दिसतात. शेजारी पिशवी आणि चपला. राजीव गांधींच्या १९९१ च्या कपड्यांचे अवशेष आणि बूटही तिथेच. मला तिथून हलायला वेळ लागला.

त्यामानाने इंदिरा गांधींच्या राहत्या खोल्या फारच साध्या. काचेतूनच बघायच्या, पुस्तकांची कपाटं, बैठक, बस्स. पंतप्रधानांचं घर म्हणून भपका शोधायला गेलात तर निराशा होईल, हे मान्य.

मागच्या दाराने बागेत मात्र नक्की जा. बरेच जण तिथे पोचेपर्यंत कंटाळलेले असतात. इंदिरा गांधी शेवटच्या चालल्या ती अकबर रोडच्या बंगल्याकडे जाणारी वाट स्फटिकाच्या काचेने मढवली आहे, वाहत्या पाण्यासारखी. जिथे कोसळल्या, तिथली काच साधी, आरपार दिसणारी.

आणि हो, सोमवारी बंद असतं.