मदत हवी आहे: वैद्यकीय संशोधन संस्थेच्या खर्चाची वर्षानुवर्षे तुलना कशी करावी?

अमेरिकेतील सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने (याच नावाच्या आनुवंशिक आजारावरील संशोधनाला पैसा पुरवणारी ना-नफा संस्था) 2014 मध्ये औषधांवरील रॉयल्टीचे हक्क 3.3 अब्ज डॉलरना विकले, आणि या एकाच व्यवहारामुळे आधीच्या व नंतरच्या वर्षांचे उत्पन्न एका मापाने मोजता येत नाही. म्हणून मी फॉर्म 990 (ना-नफा संस्थांनी अमेरिकी कर विभागाला दरवर्षी द्यायचे विवरणपत्र) आणि लेखापरीक्षित विवरणे शेजारी ठेवून केवळ संशोधन अनुदानांचा खर्च पाहिला. रुग्णांच्या दृष्टीने महत्त्व त्यालाच आहे. अडचण अशी, की बिनशर्त बहुवर्षीय अनुदान मंजुरीच्या वर्षीच हिशेबात पूर्ण खर्च म्हणून नोंदले जाते, पैसे मात्र पुढे हप्त्यांनी जातात. सशुल्क माहितीसंच मला उपलब्ध नाहीत. देय अनुदानांत (मंजूर झालेली पण अजून न दिलेली रक्कम) त्या वर्षी झालेली वाढ खर्चातून वजा करून प्रत्यक्ष दिलेली रक्कम काढणे ग्राह्य ठरेल, की त्यासाठी रोकड प्रवाहाचे विवरणच आधार मानावे?