अनुभव धागा: त्या गोष्टीत तुम्ही कोण होतात?

पारावरची

गेल्या रविवारी सासूबाईंना ‘कुंकू’ लावून दिला. 1937 चा, प्रभातचा. पोरीला फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात आणि ती त्याच घरात राहून त्याला नवरा मानायला नकार देते, तो. मधेच शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविता गायला लागल्या तेव्हा सासूबाई चाटच पडल्या. मला वाटलं, संपल्यावर त्या पोरीबद्दल बोलतील. त्यांचंही लग्न सोळाव्या वर्षी, त्यांना न विचारता झालेलं. त्या म्हणाल्या, “पोरीचं राहू दे गं. तो म्हातारा निदान शेवटी शरमला तरी. आमच्यात कोण शरमलं?”

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. समाजाने जखडलेल्या माणसाची गोष्ट वाचताना आपण बिनदिक्कत त्या माणसाच्या जागी जाऊन बसतो. तसे अनुभव लिहाच. पण त्याच्याभोवती रिंगण धरून उभ्या असलेल्यांत कधी स्वतःचा चेहरा दिसला असेल तर तोही लिहा. समीक्षा नको, रसग्रहण नको. घरचं लिहा.

भीमाकाठ

‘फँड्री’ 2014 च्या फेब्रुवारीत पुण्यात पाहिला. तेव्हा नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. गावाने खालच्या मानलेल्या जातीतला शाळकरी पोरगा जब्या शेवटी दगड भिरकावतो, तो थेट पडद्याबाहेर आपल्या दिशेने. तो दगड आपल्यालाच लागतो असं सगळे म्हणतात. मला तो लागला नाही, कारण मी त्याच्या आधीच बाद झालो होतो. जब्याचं घरचं सगळं माणूस डुकराच्या मागे धावतंय आणि शाळेतली पोरं बसून मजा बघतायत, तिथे. त्यातल्या एका पोराचं हसणं ऐकलं आणि अंगावर काटा आला. हुबेहूब माझं.

आठवीत आमच्या वर्गात असाच एक होता. मधल्या सुट्टीत आम्ही त्याच्या मागे तोंडाने आवाज काढायचो. मी पुढे नव्हतो, पण मागेही नव्हतो. राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्या जागेवर थिजतो, डुक्कर निसटतं, तेव्हा आमच्या थिएटरातही काहीजण हसले. मी त्यांच्याकडे वळून बघितलं, जसा काही मी फार मोठा लागून गेलो.

दिवाळीत गावी गेलो तर कळलं, त्याचं तालुक्याला मोबाईलचं दुकान आहे. गेलो. त्याने ओळखलं, चहा सांगितला. मी रिचार्ज मारला, चहा प्यालो, पोरांची चौकशी केली आणि आलो. काय बोलायचं ते एस्टीत पाठ केलं होतं. बोललो नाही.

निळी_शाई

माझा अनुभव जरा तिरका आहे. ‘उंबरठा’ बघून बायका पेटून उठल्या म्हणतात. सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते, परत येते तर नवऱ्याने दुसरी बाई जोडलेली, मग ती पुन्हा बाहेर पडते. स्मिता पाटील, काय बोलावं. पण मी सुलभा नाही. मी तिची मुलगी आहे.

आई आरोग्य केंद्रात नर्स होती, बदलीच्या गावी. मी आजीकडे. आजी मला न्हाऊ घालताना म्हणायची, “तुझ्या आईला नोकरी प्यारी.” हे वाक्य मी इतकं ऐकलंय की त्याचा वास मला शिकेकाईचाच येतो. कॉलेजात असताना टीव्हीवर ‘उंबरठा’ लागला. आई परत येते आणि पोरगी काकूला बिलगलेली, तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, “बरं झालं.” आई शेजारीच भाजी निवडत बसली होती. काही बोलली नाही. गवारीच्या शिरा काढत राहिली.

खूप वर्षांनी तिनेच विषय काढला. 1982 मध्ये सिनेमा आला तेव्हा त्या चौघी नर्सा जिल्ह्याच्या गावी जाऊन बघून आल्या होत्या. पुढच्या आठवड्यात ती एकटीच पुन्हा गेली, फक्त शेवट बघायला. डोअरकीपरने तिकीट न घेता आत सोडलं. मी विचारलं, शेवटच का? तर म्हणाली, “तिला परत घरात घेतात का ते बघायला. मागच्या वेळी रडण्यात चुकून सुटलं असेल म्हटलं.”

तो ‘बरं झालं’ मी अजून परत घेतलेला नाही. आई आता नाही.

झाडीपट्टी ते ठाणे

‘सैराट’. सुरुवातीला पोरं पडद्यासमोर नाचत होती. शेवटी, जात मोडून पळून लग्न केलेल्या त्या दोघांचा खून होतो आणि त्यांच्या बाळाचे रक्ताचे छोटे पाय उमटले तेव्हा पॉपकॉर्नचासुद्धा आवाज नाही. बाहेर पार्किंगमध्ये एक काका स्कूटर काढता काढता म्हणाले, “पोरीने असं करायलाच नको होतं.” मागे बसलेल्या त्यांच्या मुलीने गुपचूप हेल्मेट घातलं. एवढंच. मी अमुक होतो, तमुक होतो काही नाही. मी माझी गाडी शोधत होतो.

संत्र्याची_बाग

आमच्याकडे वऱ्हाडात एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ला नाटक म्हणतच नाहीत, जनगणना म्हणतात. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, किती वाजले विचारणारी म्हातारी आणि शिकायचं राहिलेली प्रभा. आमच्या घरी तिघंही होते.

आत्याला अमरावतीला प्रयोगाला नेलं. पाच मिनिटांत हात दाबून म्हणाली, “बापा, हे तं आपलंच घर होय!” प्रभाच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलवायची. आता रडेल, मग रडेल म्हणून मी रुमाल काढून तयार. मध्यंतरात म्हणते कशी, “मले शिकाचं होतं हे मी कोणाले सांगतलंच नाही. हिनं सांगतलं तरी.” मग वडा खाल्ला.

आत्याला शिकू दिलं नाही ते माझ्या आजोबांनी. त्याच वर्षी माझ्या वडिलांना नागपूरला होस्टेलवर ठेवलं. ते इंजिनियर झाले म्हणून मी इंग्रजी शाळेत गेले. म्हणजे आत्याचं तिकीट काढताना पैसे नेमके कोणाचे होते, हा हिशेब मी रिक्षात करत बसले. लागला नाही.

खिडकी_क्रमांक_तीन

चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’. खटल्यात सापडलेले लोकशाहीर नारायण कांबळे मला तितके लक्षात राहिले नाहीत (ती भूमिका करणाऱ्या वीरा साथीदारांची माफी मागून). लक्षात राहिली ती सरकारी वकीलबाई, कलमं वाचून झाल्यावर घरी जाऊन स्वयंपाकाला लागणारी. आणि ते न्यायाधीश, बाहीचा ब्लाउज नाही म्हणून एका बाईची केस पुढे ढकलणारे. दुष्ट कुणीच नाही. सगळ्यांना साडेपाचची लोकल गाठायचीय.

मी सरकारी खिडकीत बसतो. एक आजोबा चार खेपा घालून गेले, दर वेळी मी एक वेगळा कागद कमी काढला. नियमानेच काढला. पाचव्या खेपेला त्यांचा नातू आला. सिनेमा पाहिला तो त्या आठवड्यात. नातवाला खुर्ची दिली, त्यापलीकडे काय बदल झाला ते मला सांगता यायचं नाही.

अविवाहित_बावन्न

विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’, 1933. शिकलेल्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनातलं लिहिलं म्हणून एवढा गहजब झाला, आणि टोपणनावामागे मालती बेडेकर. त्यातल्या एका कथेचं नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ मी ते नाव वाचून पुस्तक मिटलं. कथा अजून वाचलेली नाही. भावाचं शिक्षण, बहिणीचं लग्न, बाबांचं डायलिसिस. पुस्तक उशाशी आहे.

चिंचेचा_पार

‘साबर बोंडं’ पाहिला. वडील गेल्यावर शहरातला मुलगा दहा दिवसांसाठी गावी जातो, नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात, आणि लहानपणचा मित्र भेटतो. 2025 मध्ये सनडान्सला मोठं बक्षीस मिळालं ते ठीक, मला मात्र त्या दहा दिवसांचं कौतुक. कुणी कुणाला मारत नाही, हाकलत नाही. नुसतं विचारतात, जेवायला वाढता वाढता.

माझ्या वडिलांच्या सुतकात मामाने मोबाईलवर तीन मुलींचे फोटो दाखवले. तिसरी खरंच देखणी होती, मी तसं म्हणालो, आणि ते फार महागात पडलं. आई मदतीला आली नाही. तेराव्याला मात्र कुणी नसताना विचारलं, “तुझा तो रूममेट जेवला का तिकडे?” सिनेमा मी त्याच्याबरोबरच पाहिला.

पारावरची

सगळ्यांचं सासूबाईंना वाचून दाखवलं. नर्सबाईंच्या शेवटाशी चष्मा काढून पुसला, मग म्हणाल्या, “तो उंबरठा का काय तो लाव. पण त्यात सासू आहे का? असली तर नको, सगळ्या सिनेमात आम्हीच.”

म्हटलं, आहे. समाजसेविका आहे.

“समाजसेविका? मग लाव.”