एडीएचडीबद्दल (लक्ष टिकत नाही, चंचलपणा फार, तो त्रास) नेटवर काय शोधलंत, कामाचं काय निघालं?

तापीकाठ
मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. दिवाळीपासून पाचवी कंपासपेटी. मागच्या आठवड्यात बाईंनी वहीत लाल शाईने लिहिलं, 'वर्गात अजिबात लक्ष नसते.' रात्री एकपर्यंत मोबाईल घेऊन बसले. सकाळी उठून पाहते तर सगळीकडे जाहिराती: ब्राह्मीचं सिरप, डोळे बांधून वाचायला शिकवणारा क्लास, '२१ दिवसांत एकाग्रता'. आमच्या गावात या विषयाचा डॉक्टर नाही. खान्देशातल्या कोणी यातून वाट काढली असेल तर लिहा. सल्ला नको, स्वतःचं काय झालं ते सांगा.

कळण्याची भाकरी, अमळनेर
मी फसले आहे, म्हणून आधी तेच सांगते. सिरपच्या चार बाटल्या आणि 'मेंदूची ऑनलाइन चाचणी', दोन्ही घेऊन झालं. चाचणीत वीस प्रश्न, शेवटी 'तुमच्या मुलाला तीव्र एडीएचडी', आणि खाली लगेच कोर्सची फी! एडीएचडी ठरवणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन नसतो, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या पानावर सरळ लिहिलंय: लक्षणं घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसायला हवीत, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावीत आणि निदान तज्ज्ञानेच करावं. ते पान काही विकत नव्हतं, म्हणून विश्वास बसला. इंग्रजीत आहे, पण ब्राउझरमधून मराठी करून वाचता येतं, भाषांतर थोडं विनोदी होतं इतकंच.

सासूबाईंचं पालुपद एकच, "कसाले लई जास डाक्टरकडे? तुना नवराबी असाच व्हता." हेच मी डॉक्टरांना हसत सांगितलं. ते हसले नाहीत, लिहून घेतलं. हे घराण्यात चालत येतं म्हणे. नवरा दोन दिवस गप्प होता.

शेवभाजी, धुळे
मी ३४ वर्षांचा, मोबाईलचं दुकान. दोन वर्षं रील बघत होतो: 'चहा करायला ठेवून विसरता? एडीएचडी!' सगळंच जुळायचं. कॅनडातल्या संशोधकांनी टिकटॉकवरचे सर्वाधिक पाहिलेले १०० एडीएचडी व्हिडिओ तपासले होते, २०२२ मध्ये छापून आलं. त्यातले ५२ दिशाभूल करणारे. टिकटॉक आपल्याकडे २०२० मध्ये बंद झालं, माल मात्र रीलवर तोच येतो. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची प्रश्नावलीही भरली. ती फक्त चाळणी आहे, निदान नाही, हे तिथे लिहिलेलं मी वाचलंच नाही.

डॉक्टरांनी आधी झोपेचं विचारलं, मग थायरॉइड करायला लावला. थायरॉइड बिघडलेलाच निघाला. आणि रात्री दोनपर्यंत जागत कशासाठी होतो? एडीएचडीचे रील बघायला.

केळीबाग, यावल
आमच्या मुलीचं निदान पक्कं आहे, मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध चालू आहे. नेटवर एक म्हणतो व्यसन लागेल, दुसरा म्हणतो चिठ्ठीशिवाय घरपोच देतो. दोघांपासून लांब राहा. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे. डॉक्टर चिठ्ठीच्या दोन प्रती देतात, एक दुकानदार ठेवून घेतो. तालुक्याच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच नशा करतो. आता जळगावहूनच आणतो. गोळी संपायच्या दहा दिवस आधी निघायचं, हे केळीच्या कापणीच्या दिवसांत फार जड जातं.

गुरुजी, नंदुरबार
जिल्हा परिषदेचा मास्तर आहे. शाळेत आरोग्य तपासणीची गाडी येते ना, ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, २०१३ पासून चालू आहे. ० ते १८ वयाची मुलं त्यात बसतात आणि तपासायच्या यादीत एडीएचडीही आहे. मला स्वतःला हे गेल्या वर्षी कळलं. त्याआधी अशा पोरांना मी मागच्या बाकावर पाठवायचो. आता पहिल्या बाकावर बसवतो आणि एका वेळी एकच सूचना देतो. आणि धिंगाणा घालणारा पोरगा सगळ्यांना दिसतो हो. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली पोरगी तीन वर्षं माझ्या नजरेतून सुटली.

वाघूर
१४४१६, टेलीमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. फोनवर निदान करत नाहीत. जवळ कुठे जायचं ते विचारता येतं.

तापीकाठ
आभार सगळ्यांचे. वाघूर, लावला फोन. सोमवारी जळगावला निघतोय. शाळेकडून काय लिहून घेऊ? बाईंना सांगायचीही लाज वाटतेय.

गुरुजी, नंदुरबार
लाज कसली ताई. बाईंना म्हणावं, नेमकं कधी लक्ष उडतं तेवढं अर्ध्या पानावर लिहून द्या. आणि तो लाल शेरा फाडू नका. सगळी वहीच घेऊन जा, अर्धवट सोडलेली गणितंही डॉक्टरांना बघू द्या.