एलएलबी करतानाच आंतरराष्ट्रीय कायद्याकडे वळायचं तर सुरुवात कुठून?

उंबरठा:
पुण्यात बीए एलएलबीचं तिसरं वर्ष संपत आलंय. पब्लिक इंटरनॅशनल लॉचा (राष्ट्राराष्ट्रांतल्या कायद्याचा) सक्तीचा पेपर आवडला. उरलेल्या दोन वर्षांतले ऐच्छिक विषय, इंटर्नशिप, मूट (विद्यार्थ्यांची लुटुपुटुच्या खटल्याची स्पर्धा) सगळं याच दिशेने लावायचा विचार आहे. घरचे विचारतात, याची वकिली कोणत्या कोर्टात चालते? मला सांगता येत नाही. शिवाय एलएलएम लगेच परदेशात करावं का, आणि फ्रेंच खरंच लागतं का?

गलबत:
घरच्यांनी नेमका प्रश्न विचारलाय. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पक्षकार फक्त राष्ट्रंच असतात, त्यामुळे तिथल्या उभं राहण्यावर कुणाचं घर चालत नाही. पोटापाण्याचं काम तीन-चार ठिकाणी आहे, आणि त्यातलं बरंचसं मुंबईतच.

पहिलं, ॲडमिरल्टी, म्हणजे जहाजांवरचे दावे. 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्याच्या कलम 4 मध्ये कोणत्या दाव्यांसाठी जहाज अडकवता येतं त्याची यादी आहे: खलाशांचा थकलेला पगार, मालाचं नुकसान, टक्कर, जहाजाला पुरवलेलं सामान वगैरे. मुंबई उच्च न्यायालयात ही प्रकरणं नेहमीची. जहाज काही तासांत बंदर सोडतं, त्यामुळे कागद आधी तयार लागतात. कॅव्हिएट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश नको, अशी समोरच्याची आगाऊ नोंद) आहे का ते तपासलेलं असावं लागतं, आणि जहाजाची अटक चुकीची ठरली तर नुकसानभरपाई देऊ असं हमीपत्रही. नवखे जहाजाच्या मालकात आणि चार्टररमध्ये (जहाज भाड्याने घेणाऱ्यात) गल्लत करतात, आणि अख्खा अर्ज तिथेच कोसळतो.

दुसरं, लवाद. परदेशातल्या लवादाचा निवाडा इथे वसूल करायचा तर 1996 च्या लवाद कायद्याचा भाग दुसरा. समोरचा देश न्यूयॉर्क करारात (परदेशी निवाडे मान्य करण्याच्या) आहे एवढ्यावर भागत नाही. कलम 44 प्रमाणे केंद्र सरकारने त्या देशाची राजपत्रात अधिसूचनाही काढलेली लागते. हे विद्यार्थी हमखास विसरतात.

तिसरं दिल्लीत: अँटी-डंपिंग, म्हणजे परदेशातून अवाजवी स्वस्तात येणाऱ्या मालावरचं शुल्क. डीजीटीआर या केंद्राच्या व्यापार-उपाय कार्यालयापुढे चौकशी, कस्टम्स टॅरिफ ॲक्टचं कलम 9ए. इथे कायद्याइतकीच एक्सेल शीट वाचता यावी लागते.

सरकारात जायचं तर परराष्ट्र मंत्रालयाचा लीगल अँड ट्रीटीज विभाग. भरती यूपीएससीमार्फत, पण जागा मोजक्या. तिच्या भरवशावर बसू नका.

समासातली टीप:
गलबत यांनी बाजारभाव सांगितला, मी हत्यारांचं सांगतो. ऐच्छिक विषयांच्या नावांत फार अडकू नका. निकाल वाचायला शिका, आणि तोही अधिकारक्षेत्राच्या भागापासून. मुलं तेवढीच पानं उलटून पुढे जातात.

कुलभूषण जाधव प्रकरण घ्या (हेगच्या न्यायालयाचा निकाल, 17 जुलै 2019). भारताने व्हिएन्ना वाणिज्यदूत कराराच्या ऐच्छिक प्रोटोकॉलमधून दार उघडलं. म्हणून सगळा वाद त्या कराराच्या कलम 36 भोवतीच (अटकेतल्या नागरिकाला आपल्या वाणिज्यदूताशी भेटू देणं) राहिला, आणि हाती आला तो शिक्षेच्या परिणामकारक पुनर्विलोकनाचा आदेश. सुटकेची मागणी मान्य झाली नाही. ज्या दाराने आत शिरता, त्याच मापाचा दिलासा मिळतो.

दुसरा निकाल त्याच न्यायालयाचा, 1960 चा, पोर्तुगाल विरुद्ध भारत. दमणहून दादरा-नगरहवेलीला जायची वाट. फक्त दोन राष्ट्रांमध्येही रूढी (वर्तनातून घडलेला बंधनकारक नियम) तयार होऊ शकते हे न्यायालयाने मान्य केलं, पण ती रूढी खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरतीच. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांना ती लागू नाही. रूढी सिद्ध करताना 'कुणासाठी, किती' हे किती बारीक पाहतात ते इथे दिसतं.

मूटच्या मेमोरियलमध्ये (लेखी युक्तिवादात) ठरलेल्या चुका तीन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव म्हणजे बंधनकारक कायदा असं गृहीत धरणं. करार उद्धृत करताना त्या राष्ट्राने तो मान्य केलाय का, एखादं कलम आपल्याला लागू नाही असं आरक्षण ठेवलंय का, हे न बघणं. आणि राष्ट्रांचं प्रत्यक्ष वर्तन न दाखवता नुसत्या लेखकांच्या मतांवर रूढी उभी करणं. हेगच्या न्यायालयाच्या संविधीच्या अनुच्छेद 38 मध्ये लेखकांची मतं दुय्यम साधन आहेत, हे पाठ असूनही!

जाता जाता: भारत करारांविषयीच्या कायद्याच्या 1969 च्या व्हिएन्ना कराराचा पक्षकार नाही, तरी 2011 च्या राम जेठमलानी निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अनुच्छेद 31 चा (कराराचा अर्थ कसा लावायचा) आधार घेतला. इथल्या कोर्टात हा मुद्दा कामी येतो.

उंबरठा:
मग मूट कोणती, जेसप की व्हिस? दोन्हींना वेळ पुरणार नाही.

समासातली टीप:
गलबत यांच्या यादीतलं दुसरं काम, म्हणजे लवाद, हवं असेल तर व्हिस, ती लवादाची मूट आहे. तिथला माल-विक्रीचा करार भारताने स्वीकारलेला नाही, म्हणजे ती कलमं इथे क्वचितच लागतील; पण लवादाच्या कामकाजाचा सराव वाया जात नाही. राष्ट्राराष्ट्रांतला कायदा हवा असेल तर जेसप. प्रश्न साधारण सप्टेंबरात येतो, मेमोरियल जानेवारीत, आणि दोन्ही बाजूंची लिहावी लागतात. दिवाळीच्या सुट्टीत संशोधन संपलं नाही तर डिसेंबरात विद्यापीठाची परीक्षा आणि मेमोरियल एकमेकांच्या उरावर बसतात.

दुपारची चहा:
इंटर्नशिप आणि एलएलएमचं राहिलं.

बार कौन्सिलच्या नियमांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 20 आठवडे इंटर्नशिप आहे, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. संयुक्त राष्ट्र सचिवालयाची इंटर्नशिप किमान दोन महिन्यांची आणि बिनपगारी. म्हणून ती पदवीनंतरच्या वर्षात बसवा. तिथे राहण्या-जेवणाचा खर्च आपला, हे घरी आधी बोलून घ्या.

एलएलएमची घाई नको. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीला 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षं. सनद घ्या, ती दोन वर्षं दिवाणी बाजूच्या चांगल्या सिनिअरकडे काढा. प्लीडिंग (दाव्याचे लेखी कागद) लिहिता न येणारा आंतरराष्ट्रीय वकील कुणालाच नको असतो.

फ्रेंच: जहाजं आणि लवादाला अडत नाही. हेग-जिनिव्हा डोक्यात असेल तर बी2 पर्यंत (भाषेच्या सहा पातळ्यांतली चौथी) न्या, त्याखालचं सर्टिफिकेट शोभेचं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट किंवा आलियाँस फ्राँसेझ आहेच. कॉलेज सांभाळून दोन वर्षं तरी धरा, म्हणजे लावायचं तर याच जूनमध्ये.