दोन ऑफर हातात असताना आधी काय बघावं

वैमानिकाला दोन विमान कंपन्यांच्या नोकरीच्या ऑफर आल्या, तर 'पहिल्या वर्षाचा पगार जिथे जास्त, तिथे जा' असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांत वैमानिकांची सगळी गाडी सीनियॉरिटी नंबरवर, म्हणजे कंपनीत लागल्याच्या क्रमावर चालते. बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर) कुठला, विमान कुठलं, सुट्टी कधी, कॅप्टन कधी होणार, हे सगळं त्या नंबरावर. नंतर कंपनी बदलली तर हजारो तासांचा अनुभव असूनही पुन्हा यादीच्या तळाशी, पगारही पहिल्या पायरीचा.

म्हणून आधी निवृत्त होणाऱ्यांचा हिशेब मांडा. तिथे वैमानिकाची वयोमर्यादा 65 आहे (2007 पर्यंत 60 होती), त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत तुमच्या वरचे किती जण जाणार, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. नवी विमानं किती येणार हे मात्र कंपनी सांगते तेवढं खरं मानू नका. ऑर्डरी पुढे ढकलल्या जातातच.

दुसरं, बेस. राहत्या शहरात बेस मिळत असेल तर माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच झाला. सुरुवातीला बहुतेकांना रिझर्व्हवर, म्हणजे बोलावतील तेव्हा हजर व्हायच्या तयारीत बसावं लागतं. दुसऱ्या शहरातून ये-जा करायची म्हणजे सुट्टीचे दिवस प्रवासातच जातात, शिवाय बेसच्या गावी खोलीचं भाडं.

दोन कंपन्या एक झाल्या की त्यांच्या सीनियॉरिटीच्या याद्याही एक होतात; या विलीनीकरणाचा धोका कुणालाच आधी कळत नाही. 2001 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही दुसरी विमान कंपनी घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएच्या बऱ्याच वैमानिकांना थेट यादीच्या शेवटी टाकलं होतं.

आणि दोन्ही ऑफर तुल्यबळ वाटत असतील तर ज्यांची ट्रेनिंगची तारीख आधीची, त्यांना होकार द्या, म्हणजे यादीत नंबर लवकर लागेल.